विषय: खुशाली कळविणेबाबत

बेबीताईंनी सव्वीस वर्षांत एकही कागद जावक क्रमांक टाकल्याशिवाय कॉलेजच्या बाहेर जाऊ दिला नव्हता. या शिस्तीचा त्यांना भारी अभिमान. आणि शेवटी नडली ती ही शिस्तच.

कॉलेज दारव्ह्याच्या अलीकडच्या फाट्यावर, चहूकडून पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची वावरं. बेबीताई तिथल्या वरिष्ठ लिपिक, म्हणजे कॉलेजचा सगळा कागद त्यांच्याच हातून यायचा नि जायचा. प्राचार्य होते पुंडलिकराव गावंडे. माणूस नारळासारखा, वरून खडखडीत. पोट्टे त्यांना पाहून सायकलवरून उतरत, आणि कॉलेज सुटल्यावर दहा वर्षांनीही उतरत.

सरांचे अकरा विद्यार्थी फौजेत होते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सर त्या अकराही जणांना पत्र पाठवत. "सर, फोन काहून नाही करत?" असं बेबीताईंनी एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, "फोनले तारीख असते का? शिक्का असते का? कागद पुढं ठेवता येते, बेबीताई." बरोबरच होतं म्हणा. पण गंमत अशी, की तीस वर्षं विद्यापीठाशी आणि संचालनालयाशी पत्रव्यवहार करून करून सरांना दुसऱ्या तऱ्हेचं पत्र लिहिताच येत नव्हतं. बर्फात उभ्या असलेल्या पोराला ते लिहीत:

'विषय: आपली खुशाली कळविणेबाबत. संदर्भ: आपले दि. ३ मार्चचे पत्र. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, तुमच्या तांड्याच्या रस्त्यावर अखेर डांबर पडले असून तुमच्या आईची प्रकृती ठणठणीत आहे. आपल्याकडे बर्फ पडत असल्याचे समजते. मोजे कोरडे ठेवावेत. ही बाब गांभीर्याने घ्यावी.'

खाली सही, सहीखाली गोल शिक्का. पोट्टेही तसलेच. त्यांची उत्तरं यायची, 'महोदय, मोज्यांची बाब गांभीर्याने घेतली आहे.' सर ते वाचून हसत नसत, पण त्या दिवशी ते कोणावर ओरडतही नसत. ऑफिसला तेवढं पुरे होतं.

या अकरांत सरांचा जीव की प्राण कोण, हे सांगायची गरज नव्हती. कॉलेजात शिरलं की ते भिंतीवरच दिसायचं. 'सूचना फलक', 'ग्रंथालय', 'पाणी जपून वापरा', 'मुलींची खोली' अशी एकूणएक पाटी जीवन राठोडच्या हातची. शेजारच्या तांड्यातला बंजाऱ्याचा पोरगा. वडील लहानपणीच वारले. आई धुरपताबाई, म्हणजे पोरांची याडी, आणि मोठा भाऊ राजकुमार, दोघांनी वावर सांभाळून त्याला बी.ए. केलं. अक्षर असं, की विद्यापीठाचे साहेब आले तेव्हा त्यांनी चहा बाजूला ठेवून विचारलं, हे छापलंय की काढलंय? सरांनी ते वाक्य पुढं सहा महिने सांगितलं. पुढं जीवन भरती झाला, आणि यंदा पश्चिमेच्या सीमेवर होता.

मे महिन्यात तिथं तोफा सुरू झाल्या.

सरांनी महिन्याचा नियम गुंडाळून ठेवला. रोज पत्रं निघू लागली. चार दिवसांत लढाई थांबली. हळूहळू दहा जणांची खबर आली. कोणाचं पत्र, कोणाचा फोन, एकानं तर नुसता स्वतःच्या मोज्यांचा फोटो पाठवला. जीवनचं काहीच नाही. सर सकाळी ऑफिसात पाय टाकायच्या आधी दारातूनच विचारायचे, "डाक?" बेबीताई मान हलवायच्या. मग सरांनी स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं आणि चार दिवसांनी क्रमांक दोन.

आता मुळातली चूक ऐका. एकोणीस तारखेला सर यवतमाळला मीटिंगला निघायच्या घाईत होते. बेबीताई प्रलंबित पत्रांचं रजिस्टर काढून बसल्या. शिष्यवृत्तीवाले, पुस्तकं परत न करणारे, गैरहजर राहणारे, असे साठेक जण. दोन स्मरणपत्रं झाली आणि उत्तर नाही, की पुढं कारणे दाखवा नोटीस जाते. हे बेबीताईंना डोक्यानं आठवावं लागत नव्हतं, बोटांनाच पाठ होतं. एक एक नाव घेत गेल्या, कॉम्प्युटरातून नमुना काढत गेल्या आणि रजिस्टरातला विषय जसाच्या तसा त्यात चिकटवत गेल्या. त्यात 'राठोड जीवन' कधी आला नि कधी गेला, त्यांना कळलंही नाही. सरांनी फोनवर बोलता बोलता साठ सह्या ठोकल्या. शिक्के बसले, जावक क्रमांक पडले, थैली पोस्टात गेली. आणि त्या नमुन्याच्या तळाला कायमची एक ओळ होती: 'प्रत माहितीस्तव: पालक.'

जूनच्या पहिल्या सोमवारी बेबीताई कूलरमध्ये पाणी टाकत होत्या, तेव्हा धुरपताबाई ऑफिसच्या दारात उभी राहिली. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, कपाळावर घाम, हातात घडी केलेला कागद.

"हा कागद तुमचाच न, ताई?"

बेबीताईंनी कागद उघडला. 'दोन वेळा स्मरणपत्र देऊनही आपण अद्याप खुशाली कळविलेली नाही. सबब, आपल्याविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांच्या आत सादर करावा.' लढाईवर गेलेल्या पोराला नोटीस! आणि वर आईला प्रत!

"काल सुनेनं वाचून दाखवला," धुरपताबाई म्हणाली. "पोट्टा उत्तर देत नाही म्हणते. अन् राजकुमार तं मले रोज सांगते, याडी, जीवनचा फोन आलता, तू वावरात गेलती तवा. मंग कोन खरं बोलून राह्यलं? तुमचं कॉलेज का माहा पोरगा?"

मागून मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. राजकुमार धापा टाकत आत शिरला, आणि आईला पाहून तसाच व्हरांड्यात मागं सरला. बेबीताई त्याच्या मागं गेल्या.

"ताई, तुमाले काही समजते का?" तो दबक्या आवाजात ओरडला. "तीन हप्त्यांपासून मी याडीले सांभाळून राह्यलो, अन् तुमी घरी नोटीस पाठवता?"

"चूक झाली रे बाबा. माह्याच हातून झाली." बेबीताई म्हणाल्या. "पण तुले तरी त्याची खबर हाय का?"

राजकुमारनं मोबाइल काढून दाखवला. दहा मेचा एक मेसेज, कोणा दुसऱ्याच नंबरवरून: 'मी ठीक आहे. माझा फोन बंद राहील. याडीले काही सांगू नको.' त्यानंतर तो नंबर लागलाच नाही. सैनिक कार्यालयात तो दोनदा जाऊन आला होता, विचारून कळवतो म्हणाले. वाईट काही असतं तर फौजेनं आधी कळवलं असतं, एवढ्या एका आशेवर तो रोज आईसमोर खोटं बोलत होता.

धुरपताबाई दारात येऊन उभी राहिली होती. सगळं ऐकलं की नाही कोण जाणे. कागदावर बोट ठेवून तिनं बेबीताईंना विचारलं, "यात सात दिवस लिहेल हाय न?"

"हो."

"मंग मी बसतो सात दिवस."

आणि ती सूचना फलकाखालच्या बाकावर बसली.

खरंच बसली हो. रोज सकाळची जीप पकडून यायची, ऑफिस उघडायच्या आधी बाकावर हजर. दुपारी फडक्यातली भाकर खायची. पाच वाजता कुलूप लागलं की उठायची, "दोन झाले," "तीन झाले," एवढं म्हणायची आणि फाट्याकडं चालू लागायची. रडणं नाही, भांडणं नाही. भांडली असती तर बेबीताईंना बरं वाटलं असतं. त्यांनी चहा नेऊन दिला की ती मुकाट्यानं पिऊन कप विसळून ठेवायची.

मंगळवारी त्यांनी पाहिलं, धुरपताबाई उभी राहून फलकावरच्या अक्षरांवरून हात फिरवत होती.

"माह्या पोराचं हाय न हे?"

"तुम्हाले वाचता येते?"

"वाचाले कायले लागते? घरच्या भिंतीवर असंच काढते तो."

बेबीताई आत येऊन खुर्चीत बसल्या, आणि त्यांना ते जुने जून महिने आठवले. दरवर्षी ही बाई लेकाला घेऊन सवलतीचा अर्ज भरायला यायची. जीवन मोत्यासारख्या अक्षरात अर्ज लिहायचा आणि तळाशी जागा सोडायचा. बेबीताई तिचा डावा अंगठा शाईच्या पॅडवर दाबायच्या, मग कागदावर. "नीट उमटला का, ताई?" ती दरवेळी विचारायची, आणि बोट केसांना पुसायची. तीन वर्षं, तीन अर्ज. आणि चौथा कागद बेबीताईंनी तिच्या घरी काय पाठवावा, तर नोटीस! त्या रेकॉर्ड रूममध्ये गेल्या, दार लोटलं आणि पदर तोंडात कोंबून रडल्या.

बुधवारी सर बाकाजवळून जात होते, तर धुरपताबाईनं उठून हात जोडले. "सर, कागदात कारवाई लिहेल हाय म्हणते. काय करसान जी माह्या पोरावर?"

चारशे पोट्ट्यांना एका नजरेत गप्प करणारा माणूस, पण त्यानं उलट तिलाच हात जोडले. "काही नाही, माय," ते कसेबसे म्हणाले. "काहीच नाही." आणि केबिनमध्ये गेल्यावर त्यांना पंखा लावायचंही भान राहिलं नाही.

बेबीताई मागोमाग गेल्या. "सर, माही चूक झाली. मले मेमो द्या, काही द्या, पण असे बसू नका."

"सही माझी आहे, बेबीताई." सर खिडकीकडं पाहत बोलले. "वाचल्याशिवाय केली. पोट्ट्याच्या हातात शेवटचा कागद माझी नोटीस पडली असंन, तर? मी त्याले आजपर्यंत एक शब्द सरळ लिहिला नाही. विषय, संदर्भ, सबब. कधी साधं 'बाळा' म्हटलं नाही."

बेबीताईंनी कोरा कागद पुढं सरकवला. "मंग आता म्हणा."

सरांनी लिहिलं. अर्धा तास लागला आणि झाल्या चार ओळी. 'बाळा जीवन, कसा आहेस? नोटीस फाडून टाक. तुझी आई इथे बाकावर बसून आहे. तू फक्त आहेस एवढं कळव.' ना विषय, ना शिक्का. बेबीताईंनी पाकीट बंद केलं, स्वतः पोस्टात जाऊन टाकलं, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा एका कागदावर जावक क्रमांक टाकला नाही.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी पोस्टमन आला आणि विद्यापीठाचं परिपत्रक देऊन गेला. त्या परिपत्रकाला बेबीताईंनी अशा शिव्या घातल्या, की कुलगुरूंना उचकी लागली असेल.

सातवा दिवस आला तो रविवार. ऑफिस बंद. पण बेबीताईंना घरी बसवेना. किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये टाकून त्या फाट्यावर उतरल्या, तर धुरपताबाई पायरीवर, आणि निंबाच्या झाडाखाली सरांची स्कूटर उभी. तिघांनी ऑफिस उघडलं. कशाला उघडलं ते कोणालाच सांगता आलं नसतं, रविवारी काय डाक येते का? तरी बाहेर कुठं गाडी वाजली की तिघांच्याही माना वळत. भाकर आज फडक्यातच राहिली.

पाच वाजले. धुरपताबाई उठली आणि सरांच्या टेबलासमोर उभी राहिली. तिनं तो कागद त्यांच्यापुढं ठेवला.

"झाले सात," ती म्हणाली. "आता तुमीच सांगा, सर. मी काय समजू?"

सात दिवस दाबून धरलेला तिचा आवाज आता फुटला होता. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माय, अजून मुदत संपली नाही."

"सात झाले न जी!"

"मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा आला, तं तो धरत नाहीत. पुढचा कामाचा दिवस धरतात. नियम आहे."

धुरपताबाईनं बेबीताईंकडं पाहिलं. "खरंच हाय का, ताई? का मले समजावून राह्यले?"

"खरंच हाय, माय. लिहेल नियम हाय. मी दाखवतो तुम्हाले." आणि बेबीताईंनी कपाटातून नियमांचं जाडजूड पुस्तक काढून, तिला वाचता येत नाही हे ठाऊक असूनही, ते पान उघडून तिच्यासमोर धरलं. धुरपताबाईनं त्या पानावर हात ठेवला. मग म्हणाली, "येतो उद्या." जन्मभर ज्या नियमांपायी लोकांची बोलणी खाल्ली, त्यांचे बेबीताईंनी त्या संध्याकाळी मनातल्या मनात पाय धरले.

सोमवारी सव्वाअकराला पोस्टमन आला. वरच एक तपकिरी लांब पाकीट, फौजेचं.

बेबीताईंनी ते इतक्या घाईनं फोडलं, की पाकीट अर्ध्यातच फाटलं. वर एक टाइप केलेलं पत्र होतं. पलटणीच्या ऑफिसातल्या हवालदार क्लार्कचं, हिंदीत. आपली नोटीस मिळाली, संबंधित जवान रुग्णालयात दाखल असल्यानं तिकडं पाठवली, त्याचा खुलासा सोबत जोडला आहे, विलंबाबद्दल खेद आहे. डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक, तारखेसह. त्याही परिस्थितीत बेबीताईंना तो अनोळखी हवालदार सख्ख्या भावासारखा वाटला.

पण मग त्यांनी खालचा कागद पाहिला. रेघांच्या कागदावर ही मोठाली अक्षरं, एक वर चढलेलं, एक खाली घसरलेलं, पहिलीतल्या पोरानं काढल्यासारखी.

"सर," त्या कुजबुजल्या, "हे जीवनचं अक्षर नाही."

धुरपताबाई दारात येऊन उभी होती. तिला ते ऐकू आलं. ती चौकटीला धरून खाली बसली. सरांनी कागद घेतला आणि उभ्याउभ्याच मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

'प्रति, मा. प्राचार्य. विषय: खुलासा सादर करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये नम्र खुलासा करतो की, मी जिवंत आहे.'

"अरे बाप्पा!" बेबीताई ओरडल्याच. सर पुढं वाचू लागले.

'नऊ तारखेला आमच्या ठाण्यावर गोळा पडला. उजव्या हाताची चार बोटे गेली. अंगठा शाबूत आहे. बाकी सर्व ठीक. घरी मी स्वतः कळवतो असे इथे सांगितले, ते खोटे होते. याडी व्हिडिओशिवाय बोलत नाही, त्यात आधी हात पाहते, मग जेवलो की नाही ते विचारते, म्हणून फोन केला नाही. पत्र लिहावे तर अक्षर असे. आपण माझ्या पाट्या कॉलेजभर लावल्या. असल्या अक्षरात आपल्याला कोणत्या तोंडाने लिहू? म्हणून स्मरणपत्रांना उत्तर दिले नाही. परंतु येथील क्लार्क साहेब म्हणाले, शिक्का आहे, मुदत आहे, उत्तर द्यावेच लागेल. डाव्या हाताने लिहिले आहे. चार दिवस लागले. अक्षराबद्दल क्षमा असावी. मोजे कोरडे आहेत. आपला विद्यार्थी, जीवन राठोड.'

सरांनी कागद खाली केला नाही. त्यानं तोंड झाकून ते उभे राहिले. बेबीताई हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. त्या जमिनीवर धुरपताबाईजवळ बसल्या आणि तिचे दोन्ही हात धरले.

"जिवंत हाय, माय! ऐकलं न? जिवंत हाय!"

"ऐकलं," धुरपताबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून आठ दिवसांचं सगळं वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती. "चार बोटं गेली म्हणते. अंगठा हाय म्हणलं न त्यानं?"

"हाय. शाबूत हाय."

पत्राखाली रुग्णालयाच्या वॉर्डातल्या मोबाइलचा नंबर होता. बेबीताईंनी फोन करताच राजकुमार चिखलाच्या पायांनी वावरातून मोटारसायकल हाणत आला, त्यानं तो लावला. कोणीतरी कोणालातरी हाक मारली, आणि मोबाइलच्या काचेत जीवनचं तोंड आलं. हडकलेलं, दाढी वाढलेली. आईला पाहून त्यानं मान खाली घातली.

"हात दाखव," धुरपताबाई म्हणाली.

"याडी..."

"दाखव म्हणतो न मी!"

त्यानं पट्टी बांधलेला हात वर केला. पट्टीतून अंगठा तेवढा बाहेर होता. धुरपताबाईनं तो नीट पाहिला. मग तिनं आपला डावा अंगठा मोबाइलसमोर धरला.

"हा पाह्य," ती म्हणाली. "मले तं पयलेपासून एवढाच हाय. याच्यावरच तुले बी.ए. केला न रे? मंग तुले कायची लाज वाटून राह्यली?"

तिकडं जीवन लहान लेकरासारखा रडायला लागला, आणि इकडं सरांनी पहिल्यांदाच सगळ्यांदेखत डोळे पुसले. मग ते टेबलाशी बसले आणि नेहमीच्या आवाजात खेकसले, "बेबीताई, लिहा. 'विषय: आपला खुलासा. सदर खुलासा मान्य करण्यात येत आहे. तथापि, सुट्टी मिळताच समक्ष हजर राहावे. ग्रंथालयाची पाटी पुसट झाली असून ती डाव्या हाताने काढून द्यावी. अक्षराबाबत कोणतीही सबब ऐकली जाणार नाही.'"

कागद तयार झाला. सरांनी या वेळी दोनदा वाचून सही केली. धुरपताबाई पुढं आली. "मलेही लावाचा हाय."

बेबीताईंनी शाईचं पॅड उघडलं, तिचा अंगठा त्यावर दाबला आणि सरांच्या सहीशेजारी टेकवला. धुरपताबाईनं वाकून पाहिलं.

"नीट उमटला का, ताई?"

"एकदम नीट."

तिनं बोट केसांना पुसलं. बेबीताई पाकीट बंद करायला लागल्या, तसा तिनं त्यांचा हात धरला.

"थांबा न. याच्यावर तुमचा तो नंबर टाका पयले. पोहोचला पाह्यजे माह्या पोराले."